वडीलधाऱ्यांची बुद्धिकसोटी आणि विचारणाऱ्याची तयारी

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी मी चार पाने लिहावीत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. शाळा, परीक्षा आणि मुले यांखेरीज माझ्याजवळ विषय कोणता, असे मी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "शिबिरात आजी-आजोबांची परीक्षा घेतलीत ना, मास्तर? त्यावरच लिहा." त्यांनी हे थट्टेने सांगितले असेल, मी मात्र मनावर घेतले. कारण त्या परीक्षेत खरी चूक परीक्षकाची झाली होती, आणि तिची किंमत एका वृद्ध बाईंना मोजावी लागण्याची वेळ आली होती.

हकीगत अशी. सांवेरला साठीपुढील मंडळींच्या तपासणीसाठी एक दिवसाचे शिबिर भरले होते. रक्तदाब, साखर, डोळे या नेहमीच्या गोष्टींबरोबर त्या वर्षी स्मरणशक्तीचीही तपासणी करावी, असे ठरले. ३० गुणांचा एक छापील कागद कोठून तरी आणण्यात आला. विचारणारे माणूस हवे होते. मी पदवीधर, त्यातून प्रशिक्षित, बी. एड.च्या वर्षी बुद्धिकसोट्यांचे प्रात्यक्षिक केलेले. "प्रश्न विचारायची सवय तुम्हालाच," असे म्हणून तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवण्यात आला, आणि मीही काहीशा अभिमानानेच तो उचलला.

पाच-सहा मंडळी होऊन गेल्यावर ७८ वर्षांच्या एक मराठी आजी समोर येऊन बसल्या. शाळेचे तोंड कधी न पाहिलेल्या. पतीच्या मागे दोन म्हशींच्या दुधावर त्यांनी मुले वाढविली, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. मला पाहून त्यांनी पदर पुढे ओढला. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर उज्जैनकडे जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे, शेजारी सून उभी. मी विचारले, आज तारीख कोणती? त्या म्हणाल्या, "श्रावणातली वद्य षष्ठी." मी शून्य लिहिले. १०० मधून ७ वजा करा, उरेल त्यातून पुन्हा ७ वजा करा. त्यांनी विचारले, "शंभर कशाचे?" शून्य. कागदावरचे वाक्य वाचा, शून्य. एक वाक्य लिहा; शून्य. बेरीज १५ झाली. कागदाच्या तळाशी छापले होते की २४ च्या खाली गुण आल्यास बुद्धीत दोष आहे असे समजावे. मी आकडा लिहिला, सही केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आठवड्याने आजींचा धाकटा मुलगा शाळेत मला भेटायला आला. म्हणाला, "सर, आईच्या तपासणीचा तो कागद मिळेल का? शेताच्या वाटणीचे चालले आहे. आई हट्टाला पेटली आहे, बहिणीलाही वाटा द्या म्हणते. आता तिला काही समजत नाही, हे तुमच्याच सहीने आहे, तेव्हा..." कागद शिबिराचा आहे, तो कोणाला मिळणार नाही, एवढेच बोलून मी त्यास वाटेला लावले. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. मी ज्याला बुद्धिमापन म्हणत होतो ते नक्की कशाचे माप होते, हे पाहण्यासाठी जुनी पुस्तके पुन्हा काढली.

वाचकांना ठाऊक असेलच की ही विद्या मुळात शाळेसाठी निघाली. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी आपली कसोटी रचली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्याकरिता. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. नुसती भाषा बदलून भागत नाही, आपल्या मुलांवर कसोटी घेऊन तिचे मानदंड नव्याने बसवावे लागतात, हे त्यांच्या कामातून शिकण्यासारखे आहे. डॉ. चंद्रमोहन भाटिया यांची १९५५ ची पाच कृतिकसोट्यांची पेटी, जिच्यावर आम्ही प्रात्यक्षिक केले, ती तर शाळेत न गेलेल्या मुलांचाही विचार करून बनविलेली. पण वय तिचेही ११ ते १६. माझे सारे शिक्षण मुलांची कसोटी घेण्याचे झाले होते. मुलाला परीक्षा ही रोजची गोष्ट असते. आजींना याआधी कोणी चौकशीचे प्रश्न विचारले असतील, तर ते रेशनच्या दुकानात.

प्रौढांचा विचार पुढे अमेरिकेत डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली नीट मांडला. मुलाचे मानसवय काढून त्याला खऱ्या वयाने भागायचे व बुद्ध्यंक ठरवायचा, ही रीत मोठ्या माणसाला लागू पडत नाही. सत्तरीच्या माणसाचे मानसवय कितीचे धरणार? म्हणून त्यांनी प्रत्येकाची तुलना त्याच्याच वयाच्या मंडळींशी करण्याची पद्धत घातली. तथापि तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. पंचविशीतल्यांचे गुण आणि सत्तरीतल्यांचे गुण शेजारी शेजारी मांडले की वयाबरोबर बुद्धी उतरणीला लागते असे चित्र दिसे. आपल्याकडची 'साठी बुद्धी नाठी' आणि शेजारच्या हिंदीतील 'सठियाना' यांना जणू शास्त्राचाच आधार मिळाला! १९५६ साली वॉर्नर शाई यांनी सिॲटल शहरात निराळे काम सुरू केले. त्यांनी त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासले. तेव्हा दिसले की बहुतेकांची बुद्धी साठीपर्यंत फारशी ढळत नाही, आणि तरुण व वृद्ध यांच्या गुणांतील बरीचशी तफावत पिढीची आहे. म्हाताऱ्यांना शाळाच कमी मिळाली होती. काम करण्याचा वेग वयाबरोबर कमी होतो हे मात्र खरे. म्हणून घड्याळ लावून घेतलेल्या कसोटीत वृद्ध माणूस नेहमी मागे पडतो, आणि वेळ दिला तर पुष्कळदा बरोबर उत्तर देतो.

आता शिबिरातल्या कागदाकडे येतो. तो मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन व पॉल मॅकह्यू यांनी १९७५ साली तयार केलेल्या कसोटीचे कोणीतरी केलेले भाषांतर होते. मूळ कसोटी चांगली आहे, जगभर चालते, दहा मिनिटांत होते. तिच्यातील ३० गुणांची वाटणी पाहावी. काळाचे भान ५, स्थळाचे भान ५, तीन शब्द ऐकून म्हणणे ३, सात-सात वजा करीत जाणे ५, तेच तीन शब्द थोड्या वेळाने आठवणे ३, दोन वस्तूंची नावे २, एक वाक्प्रयोग जसाच्या तसा म्हणणे १, सांगितलेल्या तीन कृती करणे ३, वाचून त्याप्रमाणे करणे १, वाक्य लिहिणे १, आकृती उतरविणे १. ज्याच्या हाती कधी पाटी-पेन्सिल आली नाही त्याचे सातांच्या वजाबाकीचे ५ आणि शेवटचे ३ असे ८ गुण जागेवरच जातात. उरले २२. म्हणजे अक्कल शाबूत असलेले निरक्षर माणूस बाकीची सर्व उत्तरे अचूक देऊनही २४ ची पायरी गाठू शकत नाही! हे गणित मला शिबिराच्या आदल्या दिवशी करता आले असते. करावयास हवे होते.

हेच ओळखून डॉ. मेरी गांगुली आणि त्यांचे सहकारी यांनी हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांमधील वृद्धांसाठी या कसोटीचे हिंदी रूप बसविले; ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले नाही. १०० मधून ७ च्या जागी २० मधून ३ घेतले. 'डोळे मिटा' हे वाचून करण्याऐवजी, माझ्याकडे पाहा व मी करतो तसे करा, असे सांगून परीक्षकाने डोळे मिटून दाखवायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायचे. आकृती सोपी केली. मापायची गोष्ट तीच ठेवली आणि तिच्या आड येणारी शाळा बाजूला केली.

आमच्या मुलखात याहून एक अडचण आहे, ती पुस्तकात मला कोठे आढळली नाही. आजींनी सांगितलेली 'श्रावण वद्य षष्ठी' मी चूक धरली होती. घरी येऊन पंचांग पाहिले, तर ती अगदी बरोबर! मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे महिने एकच असतात. वद्य पक्षात मराठी माणूस एक महिना सांगतो आणि त्याचा माळवी शेजारी पुढचा. जन्माष्टमी आपली श्रावणातली, त्यांची भादव्यातली, आणि देव एकाच रात्री जन्मतो. आजींच्या शेजारणीला त्या दिवशी विचारले असते तर ती 'भादवा बदी छठ' म्हणाली असती. आमच्या मोहल्ल्यात विचारले असते तर चांदाची तारीख कळली असती. आणि मगरिबची नमाज झाल्यावर विचारले असते तर तीही एकाने पुढची मिळाली असती, कारण आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. एका गल्लीत चार माणसे चार उत्तरे देतील आणि चौघांचेही काळाचे भान पक्के असेल. इंग्रजी तारीख तेवढी खरी, असे धरून बसणारा परीक्षकच मग चुकीचा ठरतो.

कानाचेही तसेच. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त अशी व्यंजने निसटतात आणि स्वर राहतात. अशा माणसाला तीन शब्द सांगितले तर तो दोनच धड ऐकतो, आणि न ऐकलेला शब्द आठवला नाही म्हणून त्याच्या स्मरणशक्तीचा गुण कापला जातो. आपण मग ओरडतो. ओरडल्याने आवाज आणखी उंच चढतो व अधिकच फाटतो. आवाज खाली आणून, सावकाश, आपल्या तोंडावर उजेड पडेल असे समोर बसून बोलावे, आणि शब्द सांगितल्याबरोबर ते त्यांच्याकडून म्हणवून घ्यावेत. ऐकू आले याची खात्री झाल्यावरच स्मरणाची परीक्षा सुरू होते. चष्मा घरी राहिला असेल तर आकृतीचा प्रश्न विचारूच नये. झोपेची गोळी, सर्दीवरची गुंगी आणणारी गोळी यांची चौकशी आधी करावी. रोजा असेल, एकादशी असेल, तर त्या दुपारी कसोटी घेऊ नये.

सर्वांत अवघड प्रश्न शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाचा. कोणी उत्तर सुचवितो, कोणी "अहो, हे सुद्धा नाही आठवत?" म्हणून हसतो. माझ्या फुफीजानना एकदा एका दवाखान्यात असेच प्रश्न विचारले गेले. मुलगा व नातू यांच्यासमोर चुकण्यापेक्षा त्यांनी गप्प बसणे पत्करले, आणि त्या गप्प बसण्याचेच निदान झाले. नंतर घरी येऊन त्यांनी मला सारी उत्तरे सांगितली, वर पुस्ती जोडली की एवढ्या सोप्या प्रश्नांसाठी रिक्षाचे पैसे कशाला घालविले!

मी पुन्हा आजींच्या घरी गेलो तो सकाळी दहाला, शाळेतील एका बाईंना बरोबर घेऊन. सूनबाई चहा करायला आत गेल्या. बाईंनी आधी म्हशींची चौकशी केली, मग चष्मा आणविला, मग म्हणाल्या, "आजी, काही सोपे काही अवघड विचारणार आहे. कोणाचीच सगळी उत्तरे येत नाहीत." मी ओट्याच्या टोकाला बसून नुसते लिहीत होतो. शब्द नवे घेतले : पितळ, चिमणी, खाट. वजाबाकी पैशांत विचारली, २० रुपयांतून तीन-तीन रुपये देत गेलात तर काय काय उरेल? "सतरा, चौदा, अकरा, आठ, पाच, दोन," आजी एका दमात म्हणाल्या, "आणि त्या दोनाचं काय करायचं?" बाईंना राहवले नाही, त्यांनी सव्वातीन लिटर दूध साठच्या भावाने किती, असे विचारले. हे कसोटीत नव्हते. एकशे पंचाण्णव, हे उत्तर माझा मनातला हिशोब होण्याआधी आले. बेरीज २७ झाली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे : तीच कसोटी आठ दिवसांत पुन्हा घेतली की सरावाने गुण थोडे वाढतात, त्यामुळे २७ हा आकडाही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण १५ आणि २७ यांतील अंतर सरावाचे नव्हे.

मी पहिल्या कागदावर कारण लिहून तो रद्द केला आणि मुलाला बोलावून सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की मानसिक आजाराचे निदान झाले तरी तेवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही. तो निर्णय सक्षम न्यायालयाचा. मग शिबिरातल्या मास्तराच्या सहीला किंमत ती काय! तो काही बोलला नाही. वाटणीचे पुढे काय झाले ते सांगण्याचा मला अधिकार नाही.

एवढे वाचून कोणाला वाटेल की या कसोट्या निरुपयोगी आहेत. तसे मुळीच नाही, आणि त्याच शिबिरातील दुसरा कागद मला तेच सांगतो. एका निवृत्त कारकुनांना मी २८ गुण दिले होते. सुरेख अक्षर, अदबशीर बोलणे, तारीख वारासकट. त्यांच्या पत्नी नंतर दबकत माझ्याकडे आल्या. मंडईतून घरी येण्याची वाट ते दोनदा चुकले होते, एकच वीजबिल तीनदा भरायला निघाले होते, आणि हे सारे गेल्या वर्षभरातले. शिकलेल्या माणसाच्या जुन्या शिदोरीवर कसोटीतले गुण पुष्कळ दिवस टिकतात, आतून पडझड होत असली तरी. म्हणून वृद्धाला विचारायचे, आणि त्याला रोज पाहणाऱ्यालाही वेगळे बसवून विचारायचे. दोन-तीन वर्षांपूर्वी जमत असलेले आता काय जमत नाही, हा खरा प्रश्न.

'१०/६६' या नावाच्या संशोधक मंडळाची पद्धत हीच आहे. जगातील स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावर होणारे संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, असा त्या नावाचा अर्थ. या कामात गोव्याचा मोठा वाटा आहे. डॉ. विक्रम पटेल व डॉ. मार्टिन प्रिन्स यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की गोव्यातील लोकांना लक्षणे ओळखता येत होती, पण तो आजार आहे असे ते मानीत नव्हते. म्हातारपणच ते, नाहीतर घरच्यांनी केलेली आबाळ, अशी समजूत. २००८ साली डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांतील अनुभव मांडला. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी घरी जाऊन सल्ला व आधार दिला, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. आजार बरा झाला नाही, घर सावरले. सांवेरसारख्या गावाला हे करता येण्यासारखे आहे.

आपल्या देशाचा आकडाही सांगून ठेवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असावा. स्त्रियांत, खेड्यांत आणि शाळा न पाहिलेल्यांत प्रमाण अधिक आढळले. म्हणजे ज्यांची कसोटी चुकीची घेतली जाण्याचा धोका सर्वांत जास्त, त्यांनाच ती नीट घेतली जाण्याची गरज सर्वांत जास्त आहे.

कमी गुण आले की मी आता कागदावर निदान लिहीत नाही. 'डॉक्टरांना दाखवावे' एवढेच लिहितो. थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, लघवीचा संसर्ग यांनीही म्हातारे माणूस गोंधळते, आणि यांवर उपाय आहेत. चार दिवसांत अचानक झालेला गोंधळ तर कसोटीची वाट न पाहता दवाखान्यात न्यावा. मन खचलेले माणूस सुद्धा प्रत्येक प्रश्नाला "नाही माहीत" म्हणते. त्यासाठी वृद्धांकरिता 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरे द्यायची निराळी प्रश्नावली आहे. एका आजोबांनी तिच्यातील पहिल्याच प्रश्नाला, आयुष्यात समाधान आहे का, पाच मिनिटे विचार केला आणि मग विचारले की आज उत्तर दिलेच पाहिजे का. मी नको म्हणालो. पुढच्या आठवड्यात ते आपण होऊन आले.

येत्या हिवाळ्यात पुन्हा शिबिर आहे. स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी रस्त्यापासून लांबची खोली मागितली आहे, आणि तीन कॅलेंडरे भिंतीवर न लावता परीक्षकाच्या पिशवीत ठेवायची आहेत. दुपारच्या जेवणानंतर कोणालाही बोलवायचे नाही. मराठी, माळवी आणि उर्दू यांपैकी दोन तरी भाषा सहज बोलणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या आणि ऐकलेले बाहेर न सांगणाऱ्या पाच-सहा भगिनी हव्या आहेत. शिक्षणाची अट नाही. दोन रविवार सरावाला यावे लागेल. नावे कार्यवाहांकडे द्यावीत.